ओट्यावरची फुली

मु. दिवा
आश्विन शुद्ध चतुर्थी, शके १८७६

माझी धाकटी बहीण गोदा हिच्या डोक्यावर थोरल्या अक्काचा हात आणि आशीर्वाद. तू कल्याणात सुखरूप असशील असं धरून चालते. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखतात. त्यातसुद्धा थोरली मीच. पत्र सूनबाई विमल लिहिते आहे. मी सांगते त्यातलं निम्मं ती गाळते (विमल, हेही लिही), तेव्हा जिथे मी फार शहाण्यासारखं बोलले असं वाटेल, तिथे ती बोलली असं समज.

तर उत्तमला ठाण्याच्या कारखान्याकडून दोन खोल्या मिळाल्यात. तेव्हापासून खाडीकाठची ही जागा घरासकट विकायची आणि मला गाठोड्यासारखं उचलून तिकडे न्यायचं, असं त्याने ठरवलंय. घेणारा शीळचा काळुराम; त्याला इथे विटांची भट्टी लावायची आहे. कागद तयार, अडलंय फक्त माझ्या अंगठ्यापाशी. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण ह्या ओट्यावरून मला उठवणारा अजून जन्मायचाय. मी म्हटलं, पितृपंधरवडा होऊ दे, मग बघू. (अंगठा मी पदरात गुंडाळूनच फिरत होते.)

आणि पंधरवडा लागला त्याच सकाळी पुढच्या ओट्याच्या दोन खांबांत जाळं. मधोमध कोळीण (टोपलीवाली नव्हे गं, आठ पायांची), अंगावर पिवळे-काळे पट्टे, डोकं खाली, आठ पाय जोडीजोडीने मिटून चार केलेले. आणि त्या प्रत्येक जोडीच्या पुढे जाळ्यातच पांढऱ्या नागमोडी दोऱ्याची रेघ. मिळून चांगली ठसठशीत फुली. विमलच्या हातून तांब्याच पडला. कारण ह्या घरात फुली कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक. ह्यांना माझ्यासारखंच अक्षर येत नव्हतं. जे आपलं, त्यावर चुन्याच्या बोटाने फुली ओढायचे. मिठाच्या गोणीवर, वल्ह्यावर, वेलीवरच्या भोपळ्यावर आणि सरकारी कागदावरसुद्धा.

उत्तम म्हणाला, “आई, किडा आहे तो. केरसुणी दे.” मी म्हटलं, “घे की. बापाची सही आहे, पूस.” त्याने केरसुणी पुढे केली मात्र, कोळिणीने सगळं जाळं असं गदागदा हलवलं की ती स्वतः दिसेनाशीच झाली, नुसती पांढरी फुली हवेत थरथरत राहिली. उत्तम मागच्या दाराने कामावर गेला. तेव्हापासून सगळं घर मागच्याच दाराने ये-जा करू लागलं.

मी मात्र तिच्यासमोर बसून असायचे. रोज उजाडायच्या आत ती जुनं जाळं गिळून टाकायची आणि नवं विणायची, विटकं लुगडं खाऊन नवं नेसावं तसं. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. पाय दोऱ्यावर ठेवला की घरात कोण कुठून आलं ते कळतं. (विमल म्हणते, आमच्या घरात अशी आणखी एक आहे.) कडेला एक इवलासा नवरा होता, तिच्या पायाच्या नखाएवढा. तीन दिवस तो लांबूनच दोरा छेडून परवानगी मागत होता. चौथ्या सकाळी मिळाली, आणि दुपारी तो रेशमात गुंडाळून टांगलेला. विमल तोंडाला पदर लावून आत गेली. मी म्हटलं, अगं, निदान विचारून तरी आला!

नवमीला काळुराम कागद घेऊन आला. त्याने ह्यांच्या हाताखाली मिठागरात काम केलेलं, फुली ओळखतो. ओट्याशी येऊन थबकला. “वहिनी, हे कधीपासून?” “पितर आले तेव्हापासून. या ना, जरा वाकून या.” तेवढ्यात जाळं हललं. वारा अजिबात नव्हता, गोदा. कागद बगलेत मारून तो जो निघाला, त्याच्या वहाणा अजून अंगणात आहेत.

तेव्हा मी कुठेही हलत नाही. ह्यांनीच अडवलंय, तिथे माझं काय चालणार? तूही उत्तमला तसंच कळव.

तुझी अक्का, सखुबाई (खाली अंगठा माझा, शाई विमलची)

ता. क. – हे अक्षर पोस्टमन आनंदाचं. विमल विहिरीवर गेलीय. कोळीण मीच आणली गं. शेवग्यामागच्या झुडपात पावसाळा सरता सरता दरसाल असते, फुलीसकट. पंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी काटकीवर घेतली आणि खांबावर सोडली. हसू नकोस. इथे आनंदाही हसतोय.

आणखी ता. क. – आता आनंदा हसत नाही. सर्वपित्रीला कोळीण अंड्यांची थैली चिकटवून मेली. मी स्वतः उचलून टाकली. दुसऱ्या सकाळी माझ्या खाटेवर, उशीच्या बरोबर वर, वाशांत नवं जाळं. त्यात फुलीचा एकच पाय. मग दोन. काल तीन. आज चारही. मधे कोळीण नाही. काठी लावली की जाळं थरथरतं, आणि काठी काढून घेतली तरी थांबत नाही. जागा आपली म्हणून सांगा म्हटलं, तर ह्यांनी नेमकं माणूस धरलं!

तर परवाच गाडी घेऊन ये. उत्तम-विमलला ऐकू जाईल असं दारातून ओरड, “अक्का, मला एकटीला करमत नाही, कल्याणला चल.” अंगठा मी गाडीत बसून देईन, लावू दे काळुरामला भट्टी. माझी यायची मुळीच इच्छा नाही, असं मी दोनदा म्हणेन. तिसऱ्यांदा विचारायला विसरू नकोस.