पन्नास किलोमीटर आणि वरचे दोन

आदरणीय व्याहीसाहेब पारसमलजी,

नारायणगावहून सुभाषचंदचा सादर जय जिनेंद्र. आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंची तब्येत बरी असल्याचे टीनाकडून कळले, आनंद झाला. आमच्याकडे सर्व क्षेम. फक्त माझे दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत, त्यामुळे अक्षर तिरके आले आहे, क्षमा असावी.

मुलांच्या लग्नात आपण चारचौघांत म्हणाला होतात, की आमच्या व्याह्यांना मांडवातून जेवणाच्या टेबलापर्यंत जायलाही रिक्षा लागते. मी तेव्हा हसलो. (मुलीचा बाप, दुसरे काय करणार?) पण ते वाक्य तीन वर्षे पोटात राहिले. परवा टीना माहेरी आली आणि म्हणाली, पप्पा, ओझरच्या गणपतीपासून घाटघरपर्यंत एका दिवसात चालून दाखवा, पन्नास किलोमीटर. मी, टीना आणि माझा शाळेपासूनचा मित्र भगवंत (टोमॅटोचा बागायतदार, संकटात नेहमी हजर, कारण बहुतेक वेळा ते त्यानेच आणलेले असते) असे तिघे तयार झालो. अट अशी, की सगळे अंतर मी पायी पुरे केले, तर टीनाच्या वतीने आपल्याकडे एक गोष्ट मागायची. नाही केले, तर तोंड बंद ठेवायचे. ती गोष्ट शेवटी लिहितो.

चालणे अवघड नाही, व्याहीसाहेब, ओळखीच्या माणसांतून चालणे अवघड. पस्तीस वर्षांचे कापडाचे दुकान, तालुक्यातले निम्मे बस्ते माझ्याकडे बांधलेले. दर पाच मिनिटांनी एक मोटारसायकल थांबायची. "शेठ, गाडी बिघडली का?" नाही, चालतोय, म्हटले की माणूस आवाज खाली आणायचा, "घरी सगळं बरं हाय ना?" माझे दुकान बुडाल्याची बातमी माझ्याआधी जुन्नरला पोहोचली होती. तिथे स्टँडवर एकाने माझ्या हातात दोन केळी ठेवली आणि पाठीवरून हात फिरवला.

आपटाळ्याच्या पुढे मी एकटा मागे पडलो, आणि आमचे जुने गिऱ्हाईक सोमाजी नवी कोरी पिकअप घेऊन आले. हार अजून ताजा. "शेठ, न्हाई म्हनू नका, पैलं पाय तुमचंच लागू द्या." नव्या गाडीला नको कसे म्हणायचे? म्हटले, नुसता बसतो. बसलो. सोमाजींनी चावी फिरवली, आणि मी 'अरे अरे' म्हणेपर्यंत दोन किलोमीटर झालेसुद्धा. (खोटे कशाला लिहू, 'अरे अरे' मी जरा सावकाशच म्हणालो. सीट मऊ होती.) वळणाअलीकडे उतरलो. पलीकडे झाडाखाली दोघे माझी वाट बघत बसले होते. भगवंत म्हणाला, "लई जोरात आला राव!" टीना माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, की अर्धा मिनिट मी ते तसेच राहू दिले. मग खरे सांगितले आणि उलटा निघालो. दोन किलोमीटर मागे, तेच दोन पुन्हा पुढे. भगवंत शिव्या देत सोबत आला. त्यामुळे मी एकूण बावन्न चाललो आणि तो चोपन्न, हे अजून त्याच्या ध्यानात आलेले नाही.

घाटघरला पोहोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि माझा चौविहार, म्हणजे आता पाणीसुद्धा सकाळीच. भगवंतच्या मावसबहिणीने, कुशाबाईंनी, गरम भाकरी पुढे ठेवली. मी हात जोडले. "पावणं रुसलं का?" असे त्या भगवंतला विचारत राहिल्या. मी उपाशी होतो, तहानलेला होतो, आणि आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो. एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या पायांनी! माझ्या तळव्यांना तेल लावताना टीनाच्या डोळ्यांत पाणी आले. हे मी अभिमानाने लिहितो आहे, आपणही तसेच वाचावे.

आपला बावन्न किलोमीटरवाला,
सुभाषचंद

ता. क. मागणी राहिलीच. फेब्रुवारीत पुण्यात बायकांची पंचवीस किलोमीटरची चाल आहे. टीनाने नाव दिले आहे. आपण हो म्हणावे.

आणखी एक ता. क. टीनाने स्वतःचे नाव जावईबापूंना विचारून केव्हाच दिले, तिचे काही अडलेले नाही. अडले आहे विहीणबाईंचे, त्यांनाही त्या चालीत उतरायचे आहे. त्या रोज पहाटे स्थानकात महाराजांच्या दर्शनाला जातात हे खरेच आहे. फक्त गेले सहा महिने सात किलोमीटरच्या लांबच्या रस्त्याने जातात. आपल्याला विचारायचा धीर होईना, म्हणून त्यांनी सुनेला सांगितले आणि सुनेने मला. सध्या त्या टीनाचे जुने बूट घालतात, ते चावतात. नवे आपणच आणावेत. नंबर सहा. आपल्याला ठाऊक नसेल म्हणून लिहिले. आमच्या हिचा मलाही परवाच कळला.