मागचा डावा स्पीकर

तीर्थरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचे दंडवत.

आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना तो वाजतो असं ताईने कळवलं. इथे आम्हाला सहा स्पीकर वाजवायला तीन आठवडे लागले. आपल्याला आवाज घरच्या घरी, विनातार मिळतो. भाग्यवान आहात.

पत्रास कारण आईची पंचाहत्तरी. भेट काय हवी विचारलं तर म्हणाली, ह्यांचा आवाज ऐकव. आठवतं ना, अकरा वर्षांपूर्वी बाबांनी जेवणाच्या टेबलावर माइक मांडून आपल्या गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या? पुढे मधोमध आई, तिच्या डावीकडे ताई, उजवीकडे मी. मागे डावीकडे आपण (नवे जावई, शर्ट खोचलेला), मागे उजवीकडे बाबा. सहावा माइक टेबलाखाली, धमधम आवाजांसाठी. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या स्पीकरमधून यावा, ही बाबांची हौस. ती फाइल ज्या प्रोग्रॅममध्ये उघडते तो फक्त जुन्या पद्धतीच्या संगणकावर चालतो, आणि तो संगणक बाबांच्या आधीच गेला.

तेव्हा व्हर्च्युअल मशीनचा सल्ला आपणच दिलात. अर्ध्या तासाचं काम, म्हणालात. म्हणजे चालू संगणकाच्या पोटात दुसरा, खोटाखोटा, जुना संगणक वसवायचा (हे आपल्याला सांगायला नको, पण पत्र टाकण्याआधी आई वाचणार आहे). तो वसला. मात्र पोटभाडेकरूची असते तशीच त्याची गत. सहा स्पीकर जोडले तरी घरमालक त्याला दोनच वापरू देईना. पुढचे दोन बोलत, बाकीचे चार भिंतीशी उभे, लग्नात मानपान न मिळालेल्या पाहुण्यांसारखे. त्यात बाबा मागचे! म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ताई म्हणते, "हो बाबा", मी म्हणतो, "नाही बाबा", मग आम्ही दोघं खो खो हसतो, आणि बाबांचा पत्ता नाही. आई चष्मा पुसत बसून राहिली. शेवटी म्हणाली, "जिवंतपणी कधी बोलू दिलं नाहीत, आता तरी द्या रे."

ते मला लागलं. मी आपल्याला फोन केला. आपण म्हणालात, माणसाला कान दोन, स्पीकर दोन पुरेत. पुन्हा केला, तर मागचे आवाज विसर म्हणालात. पुढे दर वेळी ताईने उचलला आणि आपण अंघोळीला गेल्याचं सांगितलं (सलग चार दिवस, स्वच्छतेचं कौतुक वाटलं). अखेर दुरुस्तीच्या दुकानातल्या बाई आल्या. त्यांनी बाहेरून साउंड कार्डाची एक डबी जोडली, ती घरमालकाकडून काढून थेट आतल्या भाडेकरूच्या ताब्यात दिली आणि तिथल्या सेटिंगमध्ये दोनाऐवजी सहा स्पीकर निवडले. अकरा मिनिटं लागली. दाजी, आपण बावीस वर्षं याच धंद्यात आहात.

वाढदिवसाच्या सकाळी आईला मधोमध खुर्चीत बसवलं. मागून, उजव्या खांद्याजवळून, बाबा खाकरले. आईने वळूनच पाहिलं. डोळे भरले आणि लगेच म्हणाली, "मेल्यावरसुद्धा मागूनच बोलतायत!"

इथे पत्र संपवायला हवं होतं. पण फाइल पुढे चालू राहिली. रेकॉर्डिंगमध्ये आम्ही तिघं चहा करायला आत गेलो. टेबलावर आपण, बाबा आणि चालू माइक उरले. मग मागच्या डाव्या स्पीकरमधून अगदी हळू आवाज आला, "बाबा, आईंचं ते लंबकाचं घड्याळ माझ्याकडून फुटलं." आणि सहाव्या स्पीकरमधून एक पाय धडधड हलू लागला.

आईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली आहेत. कुजबुज तिला आरोळीइतकी स्पष्ट ऐकू येते. पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ फोडल्याबद्दल ती अकरा वर्षं मला ऐकवते आहे, हे आपण दर सणासमारंभाला मिटक्या मारत ऐकलं आहेच. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागचा उजवा स्पीकर म्हणाला, "गप्प बसा, जावईबापू. त्याला सवय आहे बोलणी खायची."

आपला, सवय असलेला,
मेहुणा

ता. क. स्पीकर दोनच पुरेत असं आपण का म्हणत होतात, ते आता उमगलं. गुडघा वाजत असला तरी रविवारी या. स्पीकर नीट बसवायला नव्हे, ते उत्तम चालू आहेत. आईला आपला आवाज समोरून ऐकायचा आहे.

ता. क. २ रागाने आईने बाबांचा स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. दुपारी मी पाहिलं तर तो पुन्हा सरळ, तिच्या खुर्चीच्या आणखी जवळ. आपला अजून भिंतीकडेच आहे.