अप्पांच्या जीपचा फोटो

हैदराबाद, ता. ८ ऑक्टोबर १९८२

तीर्थरूप हरिबाकाकांस गुंडेरावचा शि. सा. न. वि. वि.

नोकरी ठीक चाललीय. सुट्टीला मी रानोमाळ टाकून दिलेल्या जुन्या गाड्यांचे फोटो काढत हिंडतो. डिसेंबरात इथे माझं पहिलं प्रदर्शन आहे. त्यासाठी आपल्या शेतात चिंचेखाली पडलेली अप्पांची जीप मला हवी. तो गंज, ती भोकं, आत उगवलेली बाभळ म्हणजे काळानं घडवलेलं शिल्पच! कृपा करून कुणी हात लावू नये. दिवाळीला येतो. आईला सांगा, तीन वर्षांनी येतोय.

चिंचेची सावली तशी तुमची माया राहो.
गुंडेराव

निर्णा, ता. २९ ऑक्टोबर

चि. गुंडेराव यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकलं अन् वहिनींनी, तुझ्या आईनं, पदर खोचला. फोटोला कुणी फाटक्यानं उभारतं व्हय, म्हणाल्या. नवरा गेला अन् बाईनं गाडीची माती केली, असं शहरातले लोक म्हणतील, ही त्यांना धास्ती. हात लावू नका, हेही मी दोनदा वाचून दाखवलं. त्यावर, आपल्याला तरास नको म्हणून पोरगं तसं लिहायलंय, असं उत्तर मिळालं. बाभळ तोडली, अमृतप्पाकडून रंग मारून घेतला, दसऱ्याला पूजा करून कोहळा फोडला. आता जीप नवरीसारखी लालभडक दिसायलीय. आत इंजिन नाही, एवढंच.

माया आहे तशीच आहे. ये लवकर.
हरिबा

हैदराबाद, ता. ४ नोव्हेंबर

तीर्थरूप काकांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कलेचा खून केलात. रंगवलेली जीप बघायला मी कशाला येऊ? दिवाळीत औरादकडे जातो. तिथे ओढ्यात एक लॉरी सडतेय म्हणे, आणि सुदैवानं मालकाला तिची काडीचीही माया नाही.

राग मानू नये, लोभ कमी करू नये.
गुंडेराव

निर्णा, ता. ९ नोव्हेंबर

चि. गुंडेराव यास अनेक आशीर्वाद.

वहिनी सांगतात तसं लिहितोय. चूक झाली म्हणतात. रोज जीपवर मिठाचं पाणी ओतायल्यात, कोंबड्या आत कोंडल्यात. दोन पावसाळ्यांत पुन्हा चांगली सडेल, अशी त्यांना आशा आहे. तोवर आपण असू का, याचा मात्र भरवसा न्हाई म्हणतात.

म्हणून विचारायल्यात, त्यांच्यावर तुझं भागेल का? दात पडलेत, कंबर वाकलीय, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, आणि यातल्या कशालाही कुणी हात लावलेला नाही. फोटोला फाटकंच लुगडं नेसते म्हणतात.

लोभ आहेच, येणं असावं.
हरिबा