आकांक्षाचं कार्ड

चि. जयवंता, लालबागहून तुझ्या म्हातारीचा आशीर्वाद.

तुझी लेक आकांक्षा आता नीट जेवते. दवाखान्यातल्या बाईंनी तिला सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी दचकले. आपण तर घरात तो शब्दही काढत नव्हतो. पोर मात्र मोकळी बोलली. नुसतं विचारल्याने ओझं कसं रे उतरतं?

मग बाईंनी नि तिने मिळून कार्ड केलं, मन काळवंडलं की काय करायचं, कोणाला हाक मारायची. पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. रुसू नकोस, फोन मात्र उचल.

मला वाचता येत नाही, म्हणून ती ते रोज मला वाचून दाखवते. माझं कधीच पाठ झालंय, पण मी तिला सांगत नाही.

हे पत्र तीच लिहून घेते आहे. आत्ता कळलं तिला. हसते आहे.

तुझी आई