संशयाच्या रकान्यात गाव

पालेगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय उमाताई,

बनूचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे उभे आहोत, पडलेलं कुणी नाही. तुमच्याकडेही तुम्ही, मुलगा, सूनबाई बरे असाल असं धरून चालते.

तुमचं पत्र सोळा दिवसांनी पोचलं. पोस्टात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईचं पाकीट ते, पत्ता असा मोत्यासारखा की पोस्टमनने दारात उभं राहून दोनदा वाचला. मी तीनदा वाचलं. फोनवर तुमच्या मागे सूनबाई असतात आणि माझ्या मागे टीव्ही, म्हणून पत्रच बरं. आणि आज जे लिहायचंय ते फोनवर मला बोलता आलंही नसतं.

आधी तुमच्या इथल्या घरचं. तुमचा कढीपत्ता जगला. गच्चीकडची तुळस गेली, तिथे नवी लावली. स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून ठिबकत होता, त्याचं पुढे सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन खिडक्या उघडते, तासभर वारा खेळू देते आणि परत येते. अप्पांच्या फोटोला हार मात्र मी घालत नाही, ते बायकोचं काम, तुम्ही याल तेव्हा घाला. फोटो पुसते.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या त्या विलायतेतल्या खेड्यात चर्चजवळच्या हॉलमध्ये पोलीस येतो आणि वर्षभराचे गुन्हे वाचून दाखवतो. एक सायकल, बागेतल्या शेडचं कुलूप आणि कुणाच्या तरी फाटकावर फासलेला रंग. लोक चहा पीत ऐकतात. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. मग पुढे तुम्ही लिहिता, 'बनूताई, इथे किती निर्धास्त वाटतं! आपल्याकडचे चेअरमनचे मेसेज वाचले की छातीत धडधडतं. खरंच चोऱ्या एवढ्या वाढल्यात का? फ्लॅट विकून टाकावा का?'

चेअरमनचा तो तक्ता मीही पाहिला. भूपेशसाहेबांनी तो लिफ्टमध्येसुद्धा चिकटवलाय. 'सुरक्षा अहवाल.' तारीख, विंग, काय गेलं, आणि शेवटचा रकाना 'संशय'. नऊ ओळी, आणि नऊच्या नऊ ओळींत एकच शब्द, 'गाव'.

उमाताई, तुम्ही राहता तेही गावच ना? तिथे गाव आहे म्हणून निर्धास्त वाटतं. आणि इथे गाव आहे म्हणून छातीत धडधडतं. हे कसं, ते तुम्हीच मला समजावून सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात.

संकुलाच्या फाटकाचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही गेलात आणि घटस्थापनेपासून गावातल्या माणसांना आतल्या रस्त्याने जायला बंदी झाली. तो रस्ता म्हणजे आमच्या शेतांमधली वाट. टॉवर येण्याआधी मी तीस वर्षं त्या वाटेने अंगणवाडीत गेले, डोक्यावर पोरांच्या खाऊची पिशवी घेऊन. आता कामाला येणाऱ्या बायकांना पास, बाकीच्यांनी नाल्याकडून मोठ्या रस्त्याने जायचं. पंचवीस मिनिटं जास्त, आणि बाजूने डंपर. डिसेंबरात कमळाबाई भाजीची पाटी घेऊन तिकडून जात होती. बाईकवरून दोघं आले, गळ्याला हात घातला आणि तिला फरपटत नेलं. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात गेले तर म्हणते, "बनू, माझ्या गल्यातली माल गेली त्याचा काय नाय गो, पन माझी वाट का बंद केली?" कमळाबाई त्या तक्त्यात नाही. ती भिंतीच्या बाहेर पडली ना.

माझ्या सुजितबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. 'सुजित कामावर जातो ना?' दोन दिवस मी त्या ओळीकडे बघत बसले.

नाही जात. म्हणजे आता थोडा जायला लागलाय.

तुम्हाला माहीत आहे तेवढं पुन्हा लिहिते, कारण माहीत असूनही तुम्ही विचारलं नाहीत. गौरी बसल्या त्या दिवशी चारशेचारच्या शलाका मॅडमच्या बांगड्या गेल्या. दोन दिवस आधी सुजितने तिथला गीझर दुरुस्त केला होता. एवढं पुरलं. पोलीस त्याला माझ्या दारातून घेऊन गेले आणि तीन दिवस बसवून ठेवलं. कागदावर अटक नाही, 'चौकशीला बोलावलं' एवढंच. परत आला तेव्हा उजव्या कानातून पाणी येत होतं. आता त्या कानाने ऐकू येत नाही आणि शिडीवर चढलं की डोकं गरगरतं. शिडीवर न चढणाऱ्या वायरमनला कोण काम देतं?

बांगड्या दिवाळीच्या साफसफाईत सापडल्या. बेडच्या खणात, रजयांच्या घडीत. काढल्या आमच्या ठमाबाईनेच, ती तिथे झाडूपोछा करते. मॅडमने तिला एक साडी दिली आणि सांगितलं की बोलू नकोस. ठमाबाईने साडी घेतली आणि सरळ माझ्या घरी आली. मी चेअरमनकडे गेले. ते म्हणाले, "बनूबाई, सापडल्या ना? मग विषय संपला. मॅडमचा मान राहू दे." मी म्हटलं, "आणि माझ्या पोराचा?" तर म्हणाले, "त्याला कुठे कुणी अटक केलीय?"

विषय संपला नव्हता. जानेवारीत बी विंगमधून एक बाईक गेली आणि हवालदार पुन्हा सुजितला बोलवायला आला. जुन्या अर्जात नाव आहे म्हणाला. तेव्हा मी उल्हासनगरला वकिलाकडे गेले. जिज्ञासा नावाची पोरगी आहे, माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाल्लेली. तिने खटपट करून त्या अर्जाची प्रत काढली. 'गावातील सुजित याच्यावर आमचा दाट संशय आहे, तरी त्याचा कडक बंदोबस्त व्हावा.' खाली अकरा सह्या.

चौथी तुमची आहे.

जिज्ञासाने वाचून दाखवायच्या आधीच मला ओळखू आली. अंगणवाडीच्या आम्हा सगळ्या बायकांची पोस्टातली खाती तुम्ही काढून दिलीत, तेव्हा प्रत्येक फॉर्मवर साक्षीदार म्हणून हीच सही होती. पोरगी विचारते, "बाई, यांना ओळखता?" मी म्हटलं, ओळखते.

अर्जावर तारीख बारा सप्टेंबर. चोवीस तारखेला तुम्ही माझ्या घरी आलात, रव्याचे लाडू आणलेत, किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "बनूताई, तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही." सुजित आत चटईवर पडलेला होता. तुम्ही दारातूनच विचारलंत, "सुटला ना? झालं तर मग." आणि मी तुमचे आभार मानले.

लिफ्ट बंद होती त्या दुपारी अप्पांना नवव्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली कुणी आणलं, हे मी तुम्हाला लिहिणार नव्हते. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण आता लिहून झालंय आणि खोडणार नाही. अप्पा त्याच्या खांद्याला धरून प्रत्येक मजल्यावर म्हणत होते, "दमलास का रे, थांब जरा." तो थांबला नाही.

आता माझं ऐका. कारण नुसती तुमचीच झडती घेत बसले तर मी खोटी ठरेन.

तो सुटून आला त्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "सुजित, खरं सांग. घेतल्यास का?" देवासमोरचा दिवा उचलून त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "यावर हात ठेव." जन्म दिलेल्या आईने. त्याने हात ठेवला आणि ताट तसंच सोडून उठला. त्यानंतर पाच महिने तो माझ्यासोबत जेवायला बसला नाही. मी वाढायचे, तो ताट घेऊन ओट्यावर जायचा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, जिज्ञासालासुद्धा नाही.

म्हणून उमाताई, तुमची सही कशी झाली असेल ते मला कळतं. चेअरमन दारात आले असतील, पेन पुढे केलं असेल, वरच्या तिघांनी आधीच केली होती. कळतं. पण कळलं म्हणून सोडून देणार नाही. मी स्वतःलाही सोडलेलं नाही.

सव्वीस जानेवारीला आम्ही फाटकातून गेलो. गावातल्या चाळीस बायका, धुतलेल्या साड्या, ठमाबाईने मॅडमने दिलेली तीच नवी साडी नेसलेली. वॉचमन म्हणाला, "मावशी, पास दिखाओ." मी म्हटलं, "झेंड्याला सलाम करायला पास लागतो, असं लेखी दे." त्याने इकडे तिकडे बघितलं आणि दांडा वर केला. भला माणूस आहे, त्याचीही नोकरी आहे.

झेंडावंदन झालं आणि भूपेशसाहेब माईकवर म्हणाले, "फाटक बंद केल्यापासून आपल्या संकुलात घरफोडीचा एकही गुन्हा नाही." टाळ्या झाल्या. मी पुढे गेले.

"साहेब, तक्त्यात एक ओळ राहिली," मी म्हटलं.

"बनूबाई, आज राष्ट्रीय सण आहे. नंतर बोलू."

"नंतर तुम्ही भेटत नाही. आणि माझं फार नाही. बांगड्या सापडल्या, एवढं लिहा. संशयाच्या रकान्यात गाव लिहिलंत ना, आता तिथे काय लिहिणार?"

मग ए विंगमधले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. "सापडल्या? कधी? आम्हाला का नाही सांगितलं? मी सही केलीय त्या कागदावर!" ठमाबाई मागून ओरडली, "मी काढल्या, माझ्या हातांनी! ही साडी बघा, गप्प बसायला दिलेली!" शलाका मॅडम उठून आत निघून गेल्या. चेअरमन माईक बंद करायला लागले, तर तो शिट्टीसारखा वाजायला लागला आणि पोरं हसली.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी लेखी दिलं की माझा संशय चुकीचा होता, मी सही मागे घेतो. मग आणखी दोघांनी दिलं. बाकीचे म्हणतात, सगळे देतील तेव्हा आम्ही देऊ. वाटेसाठी तहसीलदारांकडे अर्ज केलाय, गावच्या जुन्या नकाशावर वाट दाखवलेली आहे. मोजणीचे लोक बघून गेले, निकाल अजून नाही. तोवर आम्ही रोज त्याच वाटेने जातो. सकाळी दहा-बारा जणी एकत्र निघतो. कधी दांडा वर होतो, कधी आम्ही खालून वाकून जातो. माझं वय एकसष्ट आहे, कंबर दुखते, तरी वाकते. पण तोंड वर ठेवून.

आता तुमच्या नळाचं. परवाच्या मंगळवारी मी सुजितला म्हटलं, चल, उमाताईंचा नळ बघ. तो म्हणाला, "त्या बिल्डिंगीत मी पाय ठेवणार नाही." मी म्हटलं, "ठेवायचाय. मागच्या जिन्याने नाही, पुढच्या फाटकाने. रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने नाव लिहून." तुमच्या सहीचं त्याला माहीत आहे, मी लपवलं नाही. बराच वेळ तो चप्पल घालून दारात उभा राहिला. मग हत्यारांची पिशवी घेतली.

रजिस्टरमध्ये त्याने नाव लिहिलं, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. नववा मजला. तुमच्या ओट्याखाली वाकून त्याने नळ खोलला. मी मागे उभी होते. तिथेच, अचानक, मी म्हटलं, "सुजित, मी तुला ते विचारायला नको होतं."

तो उजवी बाजू माझ्याकडे करून बसला होता. "काय?" म्हणाला.

मला पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने. "मी तुझ्यावर संशय घेतला! चुकले मी!" दार उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बाहेर येऊन बघत राहिल्या. बघू देत म्हटलं.

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले. मग म्हणाला, "वॉशर गेलाय. खालून घेऊन ये, मी थांबतो." मी नऊ मजले खाली गेले, रस्त्यापलीकडच्या दुकानातून वॉशर आणला, फाटकातून परत आले. माझा मुलगा तेवढा वेळ तुमच्या घरात एकटा होता. मोजून घ्यायचं असेल तर आल्यावर मोजून घ्या.

त्या रात्री तो आत जेवायला बसला. एकच भाकरी खाल्ली, पण समोर बसून.

फ्लॅट विकायचा की ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते की इथे भीती वाढलीय, चोऱ्या नाही. आणि ती भीती कोण वाढवतंय ते मी वर लिहिलं.

सोबत दोन कागद आहेत. एक त्या अर्जाची प्रत, म्हणजे मी बनवून लिहिलं असं तुम्हाला वाटायला नको. दुसरा जिज्ञासाने टाईप केलेला, सही मागे घेण्याचा. तुमच्या नावापुढची जागा कोरी आहे. तिथे चांगल्या तिकिटाचं पाकीट मिळतं, परत पाठवायला तुम्हाला जड नाही. किल्ली मी परत करणार नाही आणि तुम्ही ती दुसऱ्या कुणाकडे द्यायलाही सांगू नका. मंगळवारी-शुक्रवारी मी फाटकातून आत जाणार, तुमच्या खिडक्या उघडणार. मला तिथे जायचा हक्क तुम्ही दिलाय, तो खरा होता की लाडवाबरोबर दिलेला होता, ते आता तुम्ही सांगा.

फोन करू नका. फोनवर तुम्ही रडाल आणि मी विरघळेन. कागद पाठवा.

अजून तुमचीच,
पण तुमच्या सहीची वाट बघणारी,
सुजितची आई
बनू