सारखीच ओढ

आश्रमशाळा, एटापल्लीजवळ
ता. १८ जानेवारी १९८६

प्रिय गुणवंतराव,
सप्रेम जयभीम.

मी खुशाल आहे. तुमचा खोकला थांबला का? घुग्घुसच्या खाणीची धूळ आणि तुमची विडी, दोघींना एका छातीत नांदवू नका.

बदलीच्या अर्जाचं शेवटी लिहिते. "घराची ओढ असती तर अर्ज केव्हाच गेला असता," असं तुम्ही लिहिलंत. पत्र घडी घालून ठेवलं आणि वर्गावर गेले.

नववीला गुरुत्वाकर्षण चालू आहे. स्वयंपाकीण बायनाबाईंनी भोपळा दिला, संध्याकाळी अख्खा परत करायच्या अटीवर. भोपळा म्हणजे पृथ्वी, आवळा म्हणजे चंद्र. किराण्याच्या काट्यावर पृथ्वी चार किलो भरली, चंद्र तीस ग्रॅम. मुलींनी अंतर सालीपासून मोजलं होतं. ते मध्यापासून मध्यापर्यंत मोजायला लावलं, अर्धा मीटर. वस्तुमानांचा गुणाकार केला, त्याला गुरुत्वस्थिरांकाने गुणलं, अंतराच्या वर्गाने भागलं. दशांश चिन्हानंतर दहा शून्यं आणि मग कुठे बत्तीस. मुली हिरमुसल्या. मी म्हटलं, ओढ आहे, टेबलाचं घर्षण तिच्याहून मोठं आहे म्हणून दिसत नाही.

सोमारी नावाची मुलगी आहे, एरवी तोंड उघडत नाही. ती उठली.

"बाई, मोठा लहान्याले वढते. मंग लहाना मोठ्याले नाई वढत का?"

मी सांगितलं, तितक्याच जोराने ओढतो.

"मंग लहानाच काऊन जाते?"

"हलका असतो म्हणून. ओढ सारखीच, पण हलका जास्त हलतो."

तिचं समाधान झालं, ती बसली. मला मात्र पुढचं गणित सुचेना.

लग्न झालं आणि मी माजरीहून तुमच्याकडे भद्रावतीला आले. तिथल्या शाळेत लागले. तुमची बदली घुग्घुसला झाली, तेव्हा ती नोकरी सोडून मागोमाग आले. दोन्ही वेळा मीच हलले आणि तुम्ही त्याला ओढ म्हणालात. तुम्ही जागेवर होतात, तरी तुमच्या ओढीचा हिशेब मी कधी मागितला नाही. आपल्यात हलकं कोण, हे काट्यावर न घालताच ठरून गेलं होतं.

इथली नेमणूक मिळाली, तेव्हा पहिल्यांदाच मी माझ्यासाठी हलले. बदलीचा अर्ज मी केलेला नाही, करणारही नाही. या मुलींना दहावीपर्यंत नेणार आहे.

तुमची आठवण येते, खोटं कशाला लिहू. रविवारी फार येते, आणि मग तुमच्या त्या वाक्याचा राग येतो.

चंद्रपूरहून एटापल्लीची एस.टी. सकाळी सुटते. स्टँडवर मी घ्यायला येईन. स्वेटर आणा. भोपळ्याची त्याच संध्याकाळी भाजी झाली, आवळा अजून माझ्या टेबलावर आहे.

या वेळी तुम्ही हलून बघा.

तुमच्याइतक्याच वजनाची,
सुगंधा