प्राप्तीची डबी

॥ श्री ॥

उरण, १७ जानेवारी २०२५

ती. नलूताईस कमळचा सा. न. वि. वि.

फोन असताना ही टपालाला कशाला लागली, म्हणशील. अगं, फोनवर बोलायचं तर हे ओटीवर कान लावून बसलेले, आणि सून घरातच. गाऱ्हाणं तर तिचंच हाय.

लग्नाला दोन वर्षं झाली. हळदीकुंकवाला बायका प्राप्तीच्या पोटाकडं बघतच वाण घेतात. मी म्हणत होते, देवाच्या मनात येईल तेव्हा होईल. पण परवा तिच्या कपाटात चादर ठेवायला गेले, तर साड्यांमागं एक डबी. वरचा कागद खरवडून काढलेला. आत पांढऱ्या, लांबट गोळ्या. रोज जेवण झालं की ही खोलीचं दार लोटते ते यासाठी! पोर होऊ नये म्हणून खाते, दुसरं काय? चोरी नसती तर कागद कशाला खरवडला असता?

बाकी पोरगी गुणाची गं. माझ्या गुडघ्यांना तेल लावते, सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापेक्षा झकास करते. म्हणूनच जास्त लागतं मनाला. आणि आमचा केतन! ट्रेलरच्या पार्किंगमध्ये त्या एड्सची माहिती सांगायला बाया येतात, निरोधची पाकिटं वाटतात. बाकीचे ड्रायव्हर खी खी हसतात, आणि हा त्यांना दटावून सगळं ऐकत बसतो. हिरामण भावजींनी डोळ्यांनी बघितलंय. लग्न झालेल्या माणसाला ते कशाला हवं? या दोघांचं काय चाललंय, मला काही उमगत न्हाय.

काय करू ते लिही. माया हाय तशीच राहू दे.

तुझी, कमळ

काशीद, २२ जानेवारी २०२५

चि. सौ. कमळ हिस अ. उ. आ.

तुझं पत्र भजी तळता तळता वाचलं, एक घाणा करपला. खोल्या पाहुण्यांनी भरल्यात, बाई.

या खोल्यांनी मला फार शिकवलं. जोडपी गेली की कचऱ्याच्या डब्यात काय काय सापडतं! आधी मी नाक मुरडून काठीनं उचलायचे, शिव्या घालायचे. आता म्हणते, असू दे, निदान अक्कल तरी आहे. तेव्हा सून गोळी घेते म्हणून आभाळ कोसळत नाही. समोर बसव आणि सरळ विचार.

पण तू कसली विचारतेस! लहानपणीही आईला न विचारताच लोणच्याची बरणी उघडायचीस. मग असं कर, तुझ्या गुडघ्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या पण पांढऱ्या लांबटच ना? भर त्याच डबीत. पोर होवो न होवो, सुनेची हाडं तरी मजबूत होतील!

रागावू नको. आठवण काढत जा.

नलूताई

उरण, २९ जानेवारी २०२५

ती. नलूताईस सा. न.

तू म्हणालीस तसंच केलं! प्राप्ती बाजाराला गेली तशी तिच्या सगळ्या गोळ्या काढून माझ्या भरल्या. तिच्या गोळ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यामागं ठेवल्यात. फेकायला हात झाला न्हाय, औषध हाय शेवटी. पोरीला पत्ताच न्हाय. रोज माझं कॅल्शियम गिळते आणि मला हसू आवरत न्हाय. आता गोड बातमी नक्की. शहाळी तयार ठेव.

एक गोळी पाकिटात घातली हाय. तिच्यावर इंग्रजी अक्षरं हायत. मुरूडच्या औषधवाल्याला दाखव, आणि ही बंद केल्यावर किती दिवसांनी दिवस राहतात ते विचारून घे. इथं विचारलं तर गावभर व्हईल.

तुझ्या अकलेवर जगणारी, कमळ

काशीद, ४ फेब्रुवारी २०२५

कमळ,

आशीर्वाद नंतर. आधी उठ आणि त्या गोळ्या डबीत परत भर. मी थट्टा केली होती गं! तू खरंच करशील असं स्वप्नातही आलं नाही.

औषधवाल्यानं गोळी उलटसुलट बघितली, कोणाची म्हणून विचारलं. खोलीत सापडली, अशी थाप मारली मी. तो म्हणाला की ही एचआयव्हीची गोळी आहे, ज्याची असेल त्याला आजच्या आज पोचवा, यात खंड पडता कामा नये. कमळ, मी हात पदराला पुसले. घरी येऊन साबण लावून घासले. कचऱ्याच्या डब्याच्या एवढ्या बढाया मारणारी मी, एका गोळीला घाबरले.

तुला फोन केला तर प्राप्तीनंच उचलला. हवापाणी विचारून ठेवून दिला. म्हणून आमच्या हर्षदला हे पत्र देऊन मोटरसायकलवरून पाठवते आहे.

आणि एक ऐक. केतन ट्रेलर घेऊन पार गुजरातपर्यंत जातो. पार्किंगमधल्या बायांचं एवढं का ऐकत होता, ते आता कळलं. त्यानंच आणलं असणार, पोरीला बोल लावू नकोस.

घाबरलेली, नलूताई

मांडवा, १५ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना प्राप्तीचा सा. न. वि. वि.

घरातून निघताना काहीच बोलले नाही, म्हणून लिहिते. तोंडाने सांगायला गेले असते तर रडूच आलं असतं.

तुम्ही फडकं माझ्यापुढे उघडलंत आणि केतनला बाहेरख्याली ट्रकवाला म्हणून झोडपलंत. तो मान खाली घालून ऐकत राहिला, माझ्यासाठी. आई, त्याचा काही दोष नाही. त्याला हा आजार नाहीच. आहे तो मला, जन्मापासून. माझे आईबाबा त्यातच गेले, म्हणून इथे मांडव्याच्या आत्याने वाढवलं. साखरपुड्याआधी मी केतनला सगळं सांगितलं होतं. तो माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला, सगळं विचारून घेतलं आणि मगच हो म्हणाला.

रोज गोळी घेतली की माझ्या रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि माझ्यापासून केतनला लागत नाही. बाळसुद्धा निरोगी होऊ शकतं. येत्या उन्हाळ्यात बाळ होऊ द्यायचा आमचा विचार चालला होता. आणि तुम्ही नेमकी तीच गोळी काढून घेतलीत. माझं सोडा, पण त्या दिवसांत केतनला काही झालं असतं तर?

माझ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. केतनचा पहिला रिपोर्ट चांगला आला, पण आणखी एक करायचा आहे. तोवर डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलंय. ज्या पाकिटांना सगळे हसतात, ती त्यासाठीच असतात. डॉक्टर घाबरू नका म्हणतात. मी घाबरले आहे.

तुमच्यापासून लपवलं, ही आमची चूक. शाळेत कळलं होतं तेव्हा माझा डबा सगळ्यांपासून दूर, खिडकीत ठेवायला लावला. तुमच्या घरात तसं होऊ नये एवढंच वाटायचं. केतनला मी परत पाठवलंय. तुम्ही बोलवाल तरच मी येईन.

तुमच्या मायेवर हक्क सांगू की नको, कळत नाही.

प्राप्ती

उरण, २३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्राप्तीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, मग केतनकडून वाचून घेतलं. तरी डोक्यात शिरत न्हाय. रोग हाय पण लागत न्हाय, औषध हाय पण बरं करत न्हाय, गोळी तू खायची आणि राखण माझ्या पोराची. असलं कधी ऐकलं न्हवतं गं. शेवटी केतन म्हणाला की मिठागराचा बांध शाबूत असला की खाडीचं पाणी आत येत न्हाय, तसंच हे. आणि म्हणाला, आई, तू बांधच फोडलास. माझा बाप जन्मभर मिठागरात राबला. बांध फोडणाऱ्याला काय म्हणतात ते मला ठाऊक हाय.

आधी तुझा राग आला, मग मला सांगितलं न्हाय म्हणून केतनचा. फिरून फिरून तो राग माझ्याच दारात आला.

खरं सांगते, तू गेल्यावर तुझा कप मी वेगळा काढून मोरीच्या खिडकीत ठेवला होता. का, ते विचारू नको. तेव्हा तुझ्या शाळेच्या डब्याचं मला माहीत न्हवतं. पत्र वाचून खिडकीकडं नजर गेली, आणि उठून कप आत आणला. काल त्याच कपात चहा प्यायले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण संपवला.

बायकांना काय सांगायचं ते अजून सुचत न्हाय. तुझं गुपित माझ्या आणि नलूताईच्या तोंडून बाहेर पडणार न्हाय. आणि पुन्हा कोणी तुझ्या पोटाकडं बघितलं तर मी मध्ये उभी राहीन.

केतन येत्या रविवारी मांडव्याला येतोय, त्याच्याबरोबर घरी ये. दुसऱ्या रिपोर्टाला मी पण येणार, आत घेतलं न्हाय तर बाहेर बाकावर बसेन.

स्वयंपाकघरात फडताळाचा एक कप्पा मोकळा केलाय. तुझी डबी तिथं ठेवायची, माझ्या डबीशेजारी. जेवण झालं की दार लोटायचं न्हाय. तू तुझी गोळी घे, मी माझी घेते. माझ्या डबीला लाल दोरा बांधून ठेवलाय, म्हणजे पुन्हा चूक नको.

वाट बघणारी,
तुझी आई